सर्प-परिचयातला न सांगितलेला श्वास

श्रावण आला की शाळाशाळांतून सर्प-परिचयाचे कार्यक्रम सुरू होतात. एक सर्पमित्र येतो. सोबत रंगीत चित्रांचे तक्ते, दोन-चार कापडी पिशव्या आणि झाकणाला भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बरण्या असतात. विषारी कोणता, बिनविषारी कोणता, साप चावला तर काय करायचे, कोणत्या समजुती खोट्या, हे सांगून झाले की पिशवीची गाठ सुटते आणि ज्यासाठी मुले तासभर गप्प बसलेली असतात तो क्षण येतो. संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठाने ऊस आहे, उसात उंदीर आहेत आणि उंदरांमागे धामण, नाग, घोणस आहेत. अशा भागात या कार्यक्रमांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. साप दिसताच काठी शोधणारी माणसे आता फोन शोधू लागली आहेत, त्यात या कार्यक्रमांचा वाटा आहे.

तरीही विज्ञानाचा पाठ म्हणून या कार्यक्रमाकडे पाहिले तर एक उणीव सारखी खटकते. तिथला साप चावतो, फणा काढतो, कात टाकतो, उंदीर गिळतो. पण तो श्वास कसा घेतो याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. ही गोष्ट किरकोळ वाटेल. आमच्या मते तिच्यामुळे दुधाच्या अंधश्रद्धेचे खंडन लंगडे पडते, आणि समोरच्या बरणीतला साप आजारी असला तरी अख्ख्या वर्गात ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आधी दुधाचे पाहू. तक्त्यावरचे वाक्य ठरलेले असते : ‘साप दूध पीत नाही.’ कारणे मात्र वेगवेगळी ऐकायला मिळतात. साप मांसाहारी आहे म्हणून, त्याची जीभ दुभंगलेली आहे म्हणून, त्याला दूध पचत नाही म्हणून. यातले पहिले कारण अपुरे आहे. मांजरही मांसाहारीच, आणि ती बशी चाटूनपुसून लख्ख करते. दुसरे कारण चुकीचेच आहे. सापाची जीभ वास टिपण्यासाठी असते, पाणी पिताना तिचा उपयोग होत नाही. तोंडाचे टोक पाण्यात बुडवून साप पाणी आत ओढून घेतो. तिसरे कारण बरोबर आहे, पण तेवढ्याने शंका मिटत नाही. कारण मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हमखास म्हणतो, ‘पण सर, मी पाहिलंय. गारुड्याच्या नागानं दूध प्यायलं.’ यावर त्याला ‘ते सगळं खोटं असतं’ असे उत्तर मिळते.

इथे पाठ बिघडतो. त्या मुलाने जे पाहिले ते खरे आहे. निरीक्षण खोटे ठरवून विज्ञान शिकवता येत नाही. त्या निरीक्षणामागचे कारण शोधावे लागते. नाग दूध पितो तो तहानेने. नागपंचमीआधी अनेक दिवस त्याला पाण्यावाचून ठेवलेले असते. अशा अवस्थेत त्याच्यापुढे कोणताही पातळ पदार्थ आला तरी तो पिणारच. त्यात अनेकदा त्याचे दात उपटलेले असतात, तोंड दोऱ्याने शिवलेले असते, आणि मान धरून दूध ओतलेही जाते. मग हे दूध जाते कुठे? सगळे पोटात जाते असे मुलांना वाटते. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी सापाचे तोंड आतून माहीत असावे लागते.

सापाच्या तोंडात खालच्या जबड्याच्या तळाशी, बऱ्याच पुढे, एक लहानशी उभी फट असते. ते श्वासद्वार. साप मोठे भक्ष्य गिळत असताना हे द्वार पुढे सरकवून भक्ष्याखालून बाहेर काढतो आणि तोंड गच्च भरलेले असतानाही श्वास घेत राहतो. गिळण्याच्या कामी सोयीची असलेली ही रचना दूध ओतताना घातक ठरते. शिवलेल्या, जखमी, धरून ठेवलेल्या तोंडात ओतलेल्या दुधाचा काही भाग थेट श्वासनलिकेत उतरतो. तिच्या टोकाला फुफ्फुस असते, आणि नागाला कामाचे फुफ्फुस एकच असते. उजवे फुफ्फुस लांबच लांब नळीसारखे वाढलेले, डावे नावापुरते किंवा नाहीच. (अजगराला दोन असतात, त्यातही डावे लहान.) त्या उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या भागातच रक्तवाहिन्यांचे जाळे असते, मागचा भाग ही जवळजवळ नुसती हवेची पिशवी. हवेची देवाणघेवाण होते ती पुढच्याच भागात.

आपल्याला ठसका लागला की श्वासपटल आणि पोटाचे स्नायू जोर लावतात आणि आत गेलेले बाहेर फेकले जाते. सापाला श्वासपटल नसते. तो बरगड्या हलवून श्वास घेतो आणि आपल्यासारखे जोराने खोकू शकत नाही. बरगड्यांचे हे कामही मोठे चतुराईचे असते. २०२२ साली अमेरिकेतील संशोधकांनी बोआ जातीच्या सापाच्या अंगाभोवती रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळला. तेव्हा आवळलेल्या जागेच्या बरगड्या थांबल्या आणि दुसऱ्या भागातल्या बरगड्यांनी श्वासाचे काम उचलले. भक्ष्याला विळखा घालताना साप गुदमरत कसा नाही, याचे उत्तर त्यातून मिळाले. परंतु लांब नळीच्या तळाशी साचलेला द्रव बाहेर काढायला हे कौशल्य उपयोगी पडत नाही. तिथे जिवाणू वाढतात, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. नागपंचमी साजरी होऊन जाते आणि नाग त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मरतो. मरणाचे कारण त्या दिवसाच्या दुधाशी जोडायला तोवर तिथे कोणी नसते.

‘साप दूध पीत नाही’ याऐवजी ‘तहानलेला साप दूध पितो आणि ते त्याच्या फुफ्फुसात जाऊ शकते’ असे सांगितले, तर मागच्या बाकावरच्या मुलाचे निरीक्षणही शाबूत राहते आणि पुढच्या वर्षी बशी पुढे करताना त्याचा हात अडखळेल. अंधश्रद्धेवर नुसता नकार पुरत नाही.

आता बरणीतल्या सापाकडे येऊ. आपण पाहतो त्या सापाचे अर्धे वर्णन आवाजाचे असते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते तो आवाज फुफ्फुसातल्या हवेचा. फुरशाचा करकर आवाज मात्र अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासून होतो. श्वासाशी त्याचा संबंध नाही. तिसरा एक आवाज असतो, त्याचे नाव कार्यक्रमात कधी निघत नाही. साप शांत पडलेला असताना, कोणी डिवचलेले नसताना, प्रत्येक श्वासाबरोबर येणारी बारीक घरघर किंवा बुडबुडे फुटल्यासारखी कटकट. हा आजाराचा आवाज. तो रागाचा समजला जातो, कारण सापाचा प्रत्येक आवाज रागाचाच असतो असे आपण धरून चाललेलो असतो.

तोंडाचेही तसेच. निरोगी साप विश्रांतीत तोंड मिटून नाकपुड्यांनी श्वास घेतो. मोजके श्वास, मध्ये लांब विराम. भक्ष्य गिळून झाल्यावर जबडा जागेवर बसवताना तो एक-दोनदा मोठी जांभई देतो, ते वेगळे. मात्र तोंड किंचित उघडे ठेवून, मान पुढे ताणून, डोके बरणीच्या कडेवर उंच टेकवून बसलेला साप ‘ऐटीत’ बसलेला नसतो. हवा आत यावी म्हणून धडपडत असतो. श्वासद्वारापाशी किंवा नाकपुडीवर चिकट फेस, तोंडात दह्यासारखा साका, जिभेची मंदावलेली हालचाल, खाणे बंद, ही त्याची साथीदार लक्षणे. अर्थात घाईने निदान करू नये. कात टाकताना जुन्या कातीचा तुकडा नाकपुडीत अडकला तरी शिट्टीसारखा आवाज येतो, आणि नुकतेच पाणी प्यायलेल्या सापाच्या तोंडाशी एखादा बुडबुडा दिसतोच. एका लक्षणावर भरवसा ठेवू नये. दोन-तीन लक्षणे एकत्र आली आणि टिकली तर शंका घ्यावी. वर्गात निदान म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

साप आजार लपवतो, हे लक्षात ठेवायला हवे. फुफ्फुसाचा बराच भाग निकामी होईपर्यंत तो वरवर ठीक दिसू शकतो. म्हणूनच ‘पिशवीतून काढल्यावर एकदम शांत आहे, सवय झाली आहे’ हे कार्यक्रमातले आवडते वाक्य आम्हाला अस्वस्थ करते. शांतपणा सवयीचा आहे की अशक्तपणाचा, हे पाहिले आहे का?

आजार मुळात होतो कशाने? बहुतेक वेळा जे जिवाणू सापडतात ते सापाच्या तोंडात एरवीही राहणारेच असतात. त्यांना वाव मिळतो तो सापाची प्रतिकारशक्ती खाली आल्यावर. इथे पाठ्यपुस्तकातला ‘शीतरक्ती’ हा शब्द फसवा ठरतो. साप थंड असतो असा त्याचा अर्थ नाही. तो स्वतःची उष्णता आतून पुरेशी निर्माण करत नाही; ऊन आणि सावली यांत ये-जा करून शरीराचे तापमान राखतो. उष्ण प्रदेशातल्या अनेक सापांना २८ ते ३२ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान मानवते. त्याच तापमानात त्यांचे पचन आणि प्रतिकारशक्ती नीट चालते. आपल्याकडे ऊसतोडणी हिवाळ्यात होते, फडातले साप तेव्हाच बाहेर पडतात आणि पकडले जातात. थंडीच्या रात्री फरशीवर ठेवलेल्या बरणीतला साप ऊन शोधायला जाऊ शकत नाही. मोकळा साप गारठला तर बिळात खोल जातो. बरणीतल्या सापाला जायला जागाच नसते. वर ओल, स्वतःचीच विष्ठा, शेजारच्या पिशवीतला दुसरा साप आणि दिवसातून चार वेळा हाताळणी. कार्यक्रमासाठी सापाला आठवडाभर ठेवून घेतले, तर आजार होण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी सामग्री आपण गोळा केलेली असते.

शेजारशेजारच्या पिशव्यांवर थोडे अधिक बोलायला हवे. सगळे रोग जिवाणूंचे नसतात. १९७२ साली स्वित्झर्लंडमधील एका सर्पशाळेत सापांची साथ आली, आणि श्वसनमार्गावर हल्ला करणारा विषाणूंचा एक गट त्यातून माहीत झाला. २०१४ साली अजगरांच्या न्यूमोनियामागे आणखी एका वेगळ्या विषाणूचे नाव पुढे आले. फुफ्फुसात राहणारे कृमी आणि पेंटास्टोमिडसारखे परजीवी तर रानातल्या सापांतही असतात. म्हणून चांगल्या प्राणिसंग्रहालयात नवा साप कित्येक आठवडे वेगळा ठेवतात. शाळेच्या टेबलावर मात्र तीन गावांतले तीन साप एकाच हाताने, एकाच आकडीने, पाच मिनिटांत उचलले जातात, आणि संध्याकाळी एखाद्याला रानात सोडले जाते. त्याच्यासोबत रानात आणखी काय सोडले, हे कोणी विचारत नाही.

उपचाराबद्दल थोडक्यात. पशुवैद्य श्वासनलिकेतला स्राव तपासायला घेतात, क्ष-किरण छायाचित्र काढतात आणि जिवाणू कोणता हे पाहून प्रतिजैविक ठरवतात. त्याआधी सापाला योग्य उबेत आणतात आणि त्याच्या शरीरातले पाणी भरून काढतात, कारण काही औषधे कोरड्या पडलेल्या सापाच्या मूत्रपिंडांना इजा करतात. शिक्षकांना सांगण्याजोगी गोष्ट ही, की सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीन वेळा देतात, सापाला साधारण बहात्तर तासांतून एकदा. मंद चयापचयाचा अर्थ या एका आकड्यातून जितका कळतो तितका व्याख्या पाठ करून कळत नाही. तोंडात हळद भरणे, तेल पाजणे, वाफ देणे असले घरगुती उपाय मात्र पुन्हा त्याच श्वासद्वारावर जातात.

हा मुद्दा शाळेपुरता राहिलेला नाही. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागांची पूजा, मिरवणूक आणि स्पर्धा उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर बंद झाली. २०२५ च्या नागपंचमीला केंद्राने तिथे २१ नाग पकडायला परवानगी दिली. मिरवणूक आणि खेळ यांना मनाई ठेवली; हेतू लिहिला तो ‘शैक्षणिक’. श्रद्धा किंवा परंपरा यांवर आम्ही इथे बोलत नाही. पण ‘शैक्षणिक’ हा शब्द आमच्या, म्हणजे शिक्षकांच्या, घरचा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आम्हाला आहे. पकडलेल्या नागाकडून विद्यार्थी नेमके काय शिकतो, जे चित्रावरून, चित्रफितीवरून किंवा दुरून पाहून शिकता आले नसते? पकडताना आणि सोडताना त्याचा श्वास, तोंड, वजन कोणी तपासले, नोंद कुठे आहे? या प्रश्नांना उत्तर असेल तर ते शिक्षण. नसेल, तर तोच खेळ नवे नाव घेऊन शाळेच्या दारी उभा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीविना साप बाळगणे आणि त्याचे प्रदर्शन करणे गुन्हा आहे. वर्गातले टेबल त्याला अपवाद नाही. पकडलेला साप वनखात्याच्या माहितीने लवकरात लवकर सोडला गेला पाहिजे, आणि तो आजारी दिसला तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवले पाहिजे.

कार्यक्रम बंद करा असे आमचे म्हणणे नाही. सर्पमित्राला जरूर बोलवावे. साप न आणता बोलवावे. त्याच्याजवळ जे अनुभव असतात ते पिशवीतल्या सापापेक्षा मोलाचे असतात, पण पिशवी सुटली की ते ऐकायला कोणी उरत नाही. जिवंत निरीक्षणासाठी भिंतीवरची पाल आणि कुंपणावरचा सरडा आहेतच. न पकडता, चार-पाच हातांवरून मुलांनी मिनिटभर पाहावे. गळ्याची जलद थरथर मोजायची नाही. कुशीची, म्हणजे बरगड्यांची, हालचाल मोजायची. थंडीतल्या सकाळी सातला एकदा आणि दुपारी दोनला एकदा, शेजारी तापमापी ठेवून. आठ दिवसांचे आकडे फळ्यावर मांडले की दोन स्तंभांतला फरक मुलेच आधी दाखवतील, आणि मग सातच्या गारठ्यात बरणीतल्या सापाचे काय होत असेल हा प्रश्न त्यांना विचारता येईल.