पडीक कुणासाठी? बोरीच्या झुडपांवरून एका नकाशाची चिकित्सा

माळरानावर संशोधन करायचं ठरवलंत, की ‘वेस्टलँड्स अॅटलास ऑफ इंडिया’ तुमच्या हातात येणारच. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून तो काढतात. 2019च्या आवृत्तीनुसार देशात सुमारे 5.58 कोटी हेक्टर, म्हणजे 16.96 टक्के भूभाग ‘वेस्टलँड’ आहे. हा आकडा उचलून प्रस्तावना लिहिण्याआधी जरा थांबा.

अॅटलासचं बलस्थान आधी मान्य करू. अख्ख्या देशाला एकच मोजपट्टी लावली आहे, 23 प्रकार ठरवले आहेत आणि 2008-09 व 2015-16 यांची तुलना करता येते. एवढं काम एकट्या संशोधकाला जमणारं नाही.

माझा आक्षेप प्रकारांच्या नावांवर आहे. या 23 प्रकारांत ‘दाट झुडपांची जमीन’ आणि ‘विरळ झुडपांची जमीन’ हेही आहेत. म्हणजे जमिनीवर झुडूप असणं हीच तिच्या नापिकीची खूण ठरते.

आता शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराटा परिसराचा विचार करा. भीमेकाठी ऊस, आणि पाणी पोचत नाही तिथे मुरमाड माळ. अशा माळावर, बांधावर बोर उभी असते. वनस्पतिशास्त्रात ती झिझिफस मॉरिशियाना. पानाच्या देठाशी दोन काटे, बहुधा एक सरळ, एक वाकडा. पावसाळ्यात फुलते, हिवाळ्यात फळते. खोल मुळांमुळे दुष्काळातही तग धरते. कोल्हे, खोकड बोरं खातात आणि विष्ठेतून आठळ्या लांबवर पोचवतात. पाला शेळ्यांना, छाटलेल्या काट्या कुंपणाला, आणि संक्रांतीत लहानग्यांच्या बोरन्हाणाला बोरं. सुधारित वाणांच्या बागासुद्धा रानबोरीच्याच खुंटावर डोळा भरून उभ्या राहतात. मग ही जमीन ‘वाया’ कशी?

याचं उत्तर शोधायला सातबारा बघा. त्यावर ‘पोटखराबा’ असतो. लागवडीला अयोग्य म्हणून वेगळं दाखवलेलं ते क्षेत्र. महसुलाच्या हिशेबात हा शब्द चुकीचा नाही, कारण तिथे प्रश्नच पिकाचा आणि आकारणीचा आहे. पण तोच निकष परिसंस्थेला लावला, की गोंधळ होतो. ‘पीक येत नाही’ आणि ‘काहीच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप पद्धतीवर. नकाशाचं प्रमाण 1:50,000 आणि उपग्रहाच्या लिस-3 प्रतिमेतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साधारण 23.5 मीटर. बोरीचं एकेक झुडूप त्यात सुटं दिसत नाही. शिवाय प्रकार झुडपांचं आच्छादन सांगतो, जात नाही. घाणेरीही काटेरी, तिलाही बारकी फळं, तीही पक्षी पसरवतात; पण ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आक्रमक वनस्पती. स्थानिक बोरीचा माळ आणि घाणेरीनं गिळलेला माळ, दोन्ही एकाच रंगात रंगू शकतात. एक राखायचा असतो, दुसरा सुधारायचा. नकाशा हा फरक सांगत नाही.

यात पणाला काय लागलंय? 2008-09 ते 2015-16 या काळात वेस्टलँड साधारण 8.4 लाख हेक्टरनं घटली. वाचायला ही प्रगती वाटते. पण त्यात खरोखर सुधारलेली जमीन किती आणि खोकडाचं, मेंढपाळाचं गेलेलं रान किती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. बारामती तालुक्यात सुप्याला चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, आणि तेही माळ-झुडपांचंच रान आहे.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन गोष्टी करा. अॅटलासमधली व्याख्या मुळातून वाचा. तुमच्या निवडक ठिकाणी जाऊन झुडपांच्या जाती मोजा. आणि तिथे शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांना विचारा, की या जागेला तुम्ही काय म्हणता? तिन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर निराश होऊ नका. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.