चेन यांची ईआर आकृती सातबाऱ्यावर टिकते का?

डेटा मॉडेलिंगकडे वळलात की पीटर चेन यांचा 1976 चा पेपर वाचावाच लागतो. कॉड यांनी 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. टेबलं करण्याआधी जगाकडे कसं बघायचं, ते चेन यांनी सांगितलं: एन्टिटी, त्यांच्यातली नाती आणि दोन्हींचे गुणधर्म. त्यांची उदाहरणं कर्मचारी, प्रोजेक्ट, सुटे भाग अशी आहेत. आपण हा पेपर बारामती-इंदापूरच्या सातबाऱ्यावर लावून बघू.

एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. आता सांगा, ‘40 आर’ हे क्षेत्र कुठे लिहाल? खातेदाराच्या टेबलात लिहिलं तर गट कळत नाही, गटाच्या टेबलात लिहिलं तर माणूस कळत नाही. तो नात्याचा गुणधर्म आहे, आणि नात्यालाही गुणधर्म असतात हे चेन स्पष्ट सांगतात. इथे पेपर पूर्ण गुण मिळवतो. फक्त गट क्रमांक गावोगाव तेच असतात, म्हणून प्रायमरी कीमध्ये गाव, गट आणि खातेदार तिन्ही हवेत.

अडतं ते पुढे. समजा, वडिलांमागे वारस लागले, मग बहिणीने हक्कसोड पत्र दिलं. तुम्ही तिची ओळ डिलीट केलीत. उद्या तिने विचारलं, ‘माझं नाव कधी आणि कशाने कमी झालं?’ तर तुमचा डेटाबेस गप्प. तलाठ्याचं दप्तर मात्र बोलतं. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस व्हायचा, शेजारी फेरफार क्रमांक यायचा. तो क्रमांक गाव नमुना 6 कडे नेतो. तिथे बदलाचं कारण आणि मंडळ अधिकाऱ्यांचा निर्णय सापडतो.

चेन यांच्या आकृतीत काळासाठी वेगळं चिन्ह नाही. तारखेचा कॉलम जोडता येतो, पण तेवढ्याने भागत नाही. विकलेली जमीन त्याच माणसाने परत घेतली की वरची की मोडते. म्हणून माझ्या मते फेरफार हीच एन्टिटी माना. हक्काच्या प्रत्येक ओळीला दोन फेरफार जोडा: नाव ज्याने लागलं तो आणि ज्याने कमी झालं तो.

पिकांचंही तेच. नीरा डाव्या कालव्याखालचा आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो, नमुना 12 मात्र वर्षवार भरतात. नुसती बेरीज केलीत तर एकच ऊस दोनदा मोजाल.

संशोधनासाठी मॉडेल निवडताना ‘काय आहे?’ एवढंच विचारू नका. ‘कधीपासून, आणि कोणत्या नोंदीने?’ हेही विचारा.