शिन अक्षराची बोटे : लेनर्ड निमॉय यांचा अभिनय

अमेरिकन दूरदर्शन मालिकांचा विषय निघाला की आपल्या वयाची मंडळी हात झटकतात. ती नातवंडांची करमणूक, आपला तिथे काय संबंध? पण 'स्टार ट्रेक' मालिकेतील टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक उजवा तळहात समोर धरून करंगळी-अनामिका एकीकडे आणि मधले बोट-तर्जनी दुसरीकडे अशी फट पाडतो, तेव्हा आपण जरा थांबावे. ही बोटे आपल्या ओळखीची आहेत. कोहनिम आशीर्वाद देताना तालीतखाली हात असेच धरतात. त्यातून शिन हे अक्षर उमटते. शद्दाय या पवित्र नामाचे ते पहिले अक्षर, आणि आपल्या दारावरच्या मझुझावरही तेच असते.

ही बोटे पडद्यावर नेणारे नट म्हणजे लेनर्ड निमॉय. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी, शुक्रवारी, वयाच्या ८३ व्या वर्षी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण बहुतेकांनी स्पॉकपुढे पाहिले नाही. आम्हाला त्यांच्या कामाकडे यहुदी प्रेक्षकाच्या नजरेने पाहायचे आहे.

निमॉय यांचा जन्म २६ मार्च १९३१ रोजी बॉस्टन शहराच्या वेस्ट एंड वस्तीत झाला. आईवडील, डोरा आणि मॅक्स, युक्रेनमधील इझियास्लाव या गावचे. दोघे वेगवेगळ्या वाटांनी सरहद्द ओलांडून अमेरिकेत पोहोचले. वडील न्हावीकाम करीत. घरात यिद्दिश बोलली जाई, आणि शेजारी इटालियन व आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. आठव्या वर्षापासून लेनर्ड वस्तीतल्या बालनाट्यांत काम करू लागले. सतराव्या वर्षी त्यांनी क्लिफर्ड ओडेट्स यांच्या नाटकात एका गरीब यहुदी कुटुंबातील मुलाची भूमिका केली, आणि पुढचा मार्ग ठरून गेला. आईवडिलांना हे मुळीच पसंत नव्हते. नटाचा धंदा चालला नाही तर निदान पोट भरता येईल, म्हणून अकॉर्डियन शीक, असा वडिलांनी सल्ला दिल्याचे निमॉय सांगत. मुलाने डॉक्टर नाहीतर कारकून तरी व्हावे असे म्हणणारे वडील आपल्या ठाण्या-अलिबागेतही कमी नव्हते.

अठराव्या वर्षी ते कॅलिफोर्नियाला गेले. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी टॅक्सी चालवली, सैन्यात नोकरी केली, मिळतील त्या किरकोळ भूमिका केल्या. मॉरिस श्वार्ट्झ यांच्यासारख्या थोर यिद्दिश नटाबरोबर रंगभूमीवरही काम केले. मग ८ सप्टेंबर १९६६ रोजी 'स्टार ट्रेक' सुरू झाली.

स्पॉक हा अंतराळयानावरील अधिकारी. वडील परग्रहावरचे, आई पृथ्वीवरची. वडिलांकडच्या लोकांचा नियम असा की भावना दाखवायची नाही. पृथ्वीवरच्या माणसांत तो परका, आणि वडिलांच्या लोकांतही पुरता आपला नाही. निमॉय स्वतः सांगत की बॉस्टनमध्ये अल्पसंख्य म्हणून वाढल्याचा अनुभव त्यांना इथे उपयोगी पडला. यात नवल नाही. भारतात 'तुम्ही नक्की कोण?' आणि इस्रायलमध्ये पाऊल ठेवल्यावर पुन्हा 'तुम्ही नक्की कोण?' हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना स्पॉक समजावून सांगावा लागत नाही.

या भूमिकेचे मर्म पाहायचे असेल तर पहिल्याच वर्षीचा 'द नेकेड टाइम' हा भाग पाहावा. एका विचित्र रोगामुळे यानावरच्या सर्वांचा मनावरचा ताबा सुटतो. स्पॉक एका रिकाम्या खोलीत जाऊन दार लावतो आणि भावना आवरण्यासाठी आकडे मोजू लागतो. मोजता मोजता चुकतो आणि रडू लागतो. आईवर प्रेम होते, पण ते तिला कधी सांगता आले नाही, एवढेच त्याचे दुःख. दुसऱ्या एखाद्या नटाने इथे आकांत केला असता. निमॉय यांनी रडणे दाखवले, पण त्याहून अधिक रडू न देण्याची धडपड दाखवली. जो माणूस आतून रिकामा असतो त्याला काहीच आवरावे लागत नाही. स्पॉकला सतत आवरावे लागते, म्हणून प्रेक्षक त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. नुसती एक भुवई वर गेली तरी पुरते. आमच्या मते हेच निमॉय यांच्या अभिनयाचे बळ.

हाताची ती खूण दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात आली. तो 'अमॉक टाइम' नावाचा भाग १५ सप्टेंबर १९६७ रोजी दाखवला गेला. स्पॉक आपल्या लोकांत परततो, तर त्या लोकांचे अभिवादन काय असावे, हा प्रश्न होता. निमॉय यांना लहानपणचे सिनेगॉग आठवले. सणाच्या दिवशी कोहनिम तालीत डोक्यावरून घेऊन उभे होते. 'पाहू नकोस' असे वडिलांनी बजावले होते, कारण त्या वेळी शेखिना, म्हणजे देवाचे सान्निध्य, तिथे उतरते. आठ वर्षांच्या मुलाने तरी चोरून पाहिलेच. पुढे त्याने तशी बोटे करण्याचा सराव केला. तेच त्याने चित्रीकरणाच्या वेळी सुचवले. ज्या अभिनेत्रीने उत्तरादाखल तीच खूण करायची होती, त्या सेलिया लव्हस्की यांची बोटे काही केल्या सहज जुळेनात. आपल्यापैकी कितीजणांची जुळतात, ते वाचकांनी स्वतःच करून पाहावे.

मालिका १९६९ मध्ये बंद पडली, पण स्पॉकने निमॉय यांना सोडले नाही. १९७५ मध्ये त्यांनी 'मी स्पॉक नाही' अशा अर्थाच्या नावाचे आत्मचरित्र लिहिले आणि चाहते रागावले. वीस वर्षांनी दुसरे लिहिले, त्याचे नाव 'मी स्पॉक आहे' अशा अर्थाचे. मधल्या काळात त्यांनी पुष्कळ केले. सगळेच चांगले होते असे नाही. 'मिशन इम्पॉसिबल' मालिकेत वेषांतर करणाऱ्या हेराची भूमिका त्यांनी दोन वर्षे केली, पण तिथे आवरून धरण्यासारखे आत काही नव्हते. त्यामुळे वेष बदलत राहिले आणि माणूस दिसला नाही. त्यांच्या गाण्याच्या तबकड्यांविषयी न बोललेले बरे. दिग्दर्शक म्हणून मात्र त्यांना यश मिळाले. १९८७ चा 'थ्री मेन अँड अ बेबी' त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक चाललेला चित्रपट ठरला.

आपल्या वाचकांनी आवर्जून पाहावीत अशी दोन कामे वेगळीच आहेत. पहिले, १९८२ चा 'अ वुमन कॉल्ड गोल्डा' हा दूरदर्शनपट. गोल्डा मेयर झाल्या होत्या इन्ग्रिड बर्गमन, आणि ती त्यांची अखेरची भूमिका. निमॉय होते गोल्डांचे पती मॉरिस मेयरसन. मॉरिस हा संगीत आणि पुस्तकांत रमणारा माणूस. १९२१ मध्ये तो इथे आला तो बायकोच्या ध्येयापायी. मेर्हाव्या किब्बुत्झचे जीवन त्याला मानवले नाही. पुढे दोघे वेगळे राहू लागले, पण घटस्फोट झाला नाही. इतिहासात त्याला एक ओळ मिळते. निमॉय यांनी त्या ओळीचा माणूस केला. इथेही आवरून धरणेच आहे, मात्र परग्रहाची सबब नाही. या भूमिकेसाठी त्यांना एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. आमच्या मते हे त्यांचे सर्वोत्तम काम. बेर्शेबा, दिमोना, लोद येथे आलेल्या आपल्या कितीतरी घरांत एकाला अलियाची ओढ होती आणि दुसरा त्याच्यासाठी बोटीत किंवा विमानात बसला. त्या दुसऱ्याविषयी आपण बोलत नाही. मॉरिस पाहताना तो आठवतो.

दुसरे काम १९९१ चे, 'नेव्हर फरगेट'. ऑशविट्झमधून वाचलेले मेल मर्मेलस्टीन कॅलिफोर्नियात राहत होते. नाझींनी यहुद्यांना विषारी वायूने मारलेच नाही, असे म्हणणाऱ्या एका संस्थेने पुरावा देणाऱ्यास ५०,००० डॉलर देऊ केले होते. मर्मेलस्टीन यांनी आव्हान स्वीकारले आणि प्रकरण कोर्टात नेले. ऑक्टोबर १९८१ मध्ये न्यायाधीशांनी जाहीर केले की ऑशविट्झमध्ये यहुद्यांना वायूने मारले गेले ही वादातीत वस्तुस्थिती आहे, ती सिद्ध करण्याची गरज नाही. निमॉय यांनी या चित्रपटाच्या निर्मितीतही भाग घेतला. बांधणी साधी आहे, कोर्टाच्या चित्रपटांना असते तशी. पण ज्याला घरच्यांची नावे घेऊन शपथेवर बोलायचे आहे, अशा माणसाचा थकवा त्यांनी नेमका पकडला आहे.

आता मूळ प्रश्न. पवित्र आशीर्वादाची खूण एका करमणुकीच्या मालिकेत वापरावी काय? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्या विधीकडे पाहण्याचीही मनाई, तो आज खेळण्यांवर आणि सदऱ्यांवर छापला जातो. २००२ मध्ये निमॉय यांनी शेखिना या विषयावर स्त्रियांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा त्यांच्यावर टीकाही झाली. ती छायाचित्रे आम्हालाही रुचली नाहीत. पण हाताच्या खुणेबाबत आमचे मत वेगळे आहे. मालिकेत त्या खुणेबरोबर दीर्घायुष्य आणि भरभराट चिंतली जाते. म्हणजे आशीर्वाद आशीर्वादच राहिला. शिवाय, विचारणाऱ्या प्रत्येकाला निमॉय यांनी ती कुठून आली हे सांगितले. बॉस्टनचे सिनेगॉग, वडिलांचे बजावणे, तालीतच्या आडून केलेली चोरटी नजर, सगळे सांगितले. उगम लपवून ती स्वतःची कल्पना म्हणून खपवणे त्यांना सहज शक्य होते.

आपल्या समाजात कोहनिम नव्हते असेच परंपरेने सांगितले जाते. पण हाताने आशीर्वाद पोहोचवण्याची आपली रीत आहेच. प्रार्थनेनंतर वडीलधाऱ्यांपासून सुरू होणारी हातबोशी, हातात हात घेऊन मग आपली बोटे ओठांना लावणे. ती किती तरुणांना ठाऊक आहे? नातवाने स्पॉकसारखी बोटे करून दाखवली तर त्याला दटावू नये. ती शिन आहे हे सांगावे, आणि त्याचा हात हातात आलाच आहे तर हातबोशीही शिकवावी.