भारुडांतील मांत्रिक

एकनाथांचीं भारुडें केवळ करमणुकीचीं आहेत, असें म्हणणाऱ्या टीकाकारांनीं ‘विंचू’ पुन्हां वाचावा. लाओसच्या डोंगरांतील हमोंग मांत्रिक रोग्याचा हरवलेला आत्मा परत बोलावितो. आपल्याकडील मांत्रिक विष उतरवितो. दोघेही दुःखाला नांव देतात आणि उपाय सांगतात. सोळाव्या शतकांत नाथांनीं हीच रीत उचलली. पण विंचू कामक्रोधाचा केला आणि उतारा सत्त्वगुणाचा. पीडा आंतली आहे, एवढें पटलें कीं शेजारणीच्या नजरेवर दोष ढकलतां येत नाहीं. तरी एक अडचण उरते. मांत्रिकाभोंवतीं गांव जमतें. आत्मपरीक्षण एकट्यानेंच करावें लागतें. म्हणूनच नाथांनीं हा उपदेश चव्हाट्यावर, सोंगाच्या मुखानें वदविला. नीतिपाठ रुक्ष करणाऱ्या शिक्षकांनीं हें मर्म ओळखावें.