एलायझाचा आकडा : कुलूप-किल्लीच्या पलीकडे

रक्तातील एखादे मानवी प्रथिन मोजण्याचे तयार संच आज वैद्यकीय प्रयोगशाळांत सर्रास वापरले जातात. यांतील एलायझा ही पद्धत शिकवताना आपण फळ्यावर एक आकृती काढतो आणि कुलूप-किल्लीची उपमा देतो. ही उपमा सोपी आहे, पण आम्हाला ती अपुरी वाटते. तिच्यामुळे संचाने दिलेला आकडा म्हणजे प्रत्यक्ष प्रथिनच, असा समज होतो.

प्रथम पद्धतीचे श्रेय तिला देऊ. १९५९-६० मध्ये अमेरिकेत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी प्रतिपिंडांच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजून दाखवले. खूण म्हणून त्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरले. १९७१ मध्ये स्वीडनमधील एवा एंगवाल व पीटर पर्लमन यांनी आणि त्याच सुमारास नेदरलँड्समधील एका गटाने या खुणेच्या जागी विकर आणले. किरणोत्साराची कटकट संपली आणि ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके प्रथिनही साध्या प्रयोगशाळेत मोजता येऊ लागले.

प्रथिनांसाठी नेहमी वापरली जाणारी रीत अशी. प्लास्टिकच्या तबकडीत ९६ खळगे असतात. खळग्याच्या तळाला एक प्रतिपिंड चिकटवलेले असते. रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव, म्हणजे सीरम, त्यात घातला की हवे ते प्रथिन या प्रतिपिंडाला धरून राहते. बाकीचे धुऊन टाकतात. मग विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला बसते. पुन्हा धुऊन विकराचे खाद्य घातले की रंग येतो. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांचा आलेख काढून त्यावरून नमुन्याचे प्रमाण वाचतात.

आता नीट पाहा. यंत्र मोजते तो रंग. दोन प्रतिपिंडांमध्ये पूल बांधला गेला की रंग येतो, मग तो पूल कोणीही बांधलेला असो. संचातील प्रतिपिंडे बहुधा उंदीर, ससा किंवा शेळी यांची असतात. काही माणसांच्या रक्तात प्राण्यांच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडे असतात. ती प्रथिन नसतानाही पूल बांधतात.

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो? एचसीजी हे गर्भारपणात वारेतून येणारे संप्रेरक. वारेच्या पेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगातही ते वाढते. २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिकेतील १२ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध झाली. रक्तातील एचसीजी सतत जास्त दिसल्याने त्यांना हा कर्करोग असल्याचे ठरवले गेले होते. त्यांतील बहुतेकींवर शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झाली. प्रत्यक्षात त्यांना तो रोग नव्हता. अशी फसवी प्रतिपिंडे आकाराने मोठी असल्याने लघवीत उतरत नाहीत. त्यामुळे लघवीची तपासणी केली असती, तर शंका वेळीच आली असती.

उलट चूकही होते. काही संचांत सीरम आणि दुसरे प्रतिपिंड एकदमच घालतात. प्रथिन अतोनात असेल, तर दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, पूल कमी बनतात आणि आकडा फसवा लहान येतो. मस्तिष्क ग्रंथीच्या मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन मोजताना हे घडलेले आहे.

या मर्यादा संचाच्या माहितीपत्रकात बहुधा दिलेल्या असतात, पण शेवटी आणि बारीक अक्षरांत. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या अहवालावर कित्येकदा फक्त आकडा असतो. कोणता संच वापरला, हेही लिहिलेले नसते. वेगवेगळ्या संचांतील प्रतिपिंडे प्रथिनाचे वेगवेगळे भाग ओळखतात. त्यामुळे दोन संचांचे आकडे जुळतीलच असे नाही. म्हणून संचाचे नाव हा आमच्या मते आकड्याचाच भाग आहे.

वर्गात कुलूप-किल्ली जरूर सांगावी. पण पुढे एक प्रश्न विचारावा. नमुना दहापट विरल केला आणि उत्तराला दहाने गुणले, तर पहिलाच आकडा यायला हवा. तो आला नाही, तर काय झाले असेल? फार कमी आला, तर खोट्या पुलाची शंका घ्यावी. फार जास्त आला, तर प्रथिनाची गर्दी झाली असावी. या एका प्रश्नातून विद्यार्थ्याला मापन आणि मोजलेली वस्तू यांतील अंतर कळते. आकृती पाठ करून ते कळत नाही.