सुटीच्या दिवसाचे निवाडे

जुनीं मराठी निवाडपत्रें वाचणाराला एका गोष्टीची संवय झालेली असते. निवाडा देणारे आरंभींच आपलें मत सांगून टाकीत नाहींत. अगोदर वादीची तकरीर, मागाहून प्रतिवादीची तकरीर, मग दोघांचे कागद आणि साक्षी, आणि हें सर्व झाल्यावर कोठें अखेरीस चार ओळींचा निर्णय. वतनाचें तें भांडण मिटून दोनशें वर्षें लोटलीं तरी तें पत्र आपण आवडीनें वाचतों, तें त्या तकरिरींतल्या बोलण्यासाठीं. वतन कोणाकडे गेलें याची आपणांस फारशी क्षिति नसते. अमेरिकेंतील रेल्वेनोकरांच्या तंट्यांचे छापील निवाडे वाचतांना हेंच सुख मिळेल अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. पण तें मिळतें, आणि त्याबरोबर आणखीहि कांहीं हातीं लागतें, म्हणून त्यांचें हें परीक्षण.

प्रथम हे निवाडे कोण देतें तें सांगितलें पाहिजे. अमेरिकेच्या १९२६ सालच्या रेल्वे-कामगार कायद्याला १९३४ सालीं दुरुस्ती झाली, आणि तिच्या आधारें शिकागो येथें एक राष्ट्रीय मंडळ बसलें. आरंभीं त्याचे सभासद ३६ होते. १८ कंपन्यांचे आणि १८ कामगारसंघांचे. मंडळाचे विभाग चार. दोन्ही पक्षांचीं मतें सारखीं असल्यामुळें कोणत्याहि खऱ्या वादांत तराजूचा कांटा मध्येंच थांबणार, हें कायदा करणारांसहि ठाऊक होतें. अशा वेळीं बाहेरचा तिऱ्हाईत पंच बोलवावा अशी तजवीज त्यांनीं करून ठेविली. तिसऱ्या विभागाकडे स्टेशनांतील नोकर, तारमास्तर, कारकून, रुळांची दुरुस्ती करणारे, सिग्नलवाले, झोंपण्याच्या डब्यांतील पोर्टर अशांचीं प्रकरणें सोंपविलेलीं होतीं. या एका विभागाच्या निवाड्यांची संख्या ४०,००० च्या वर गेली आहे. त्यांतील बहुतेक वाङ्मय या नांवाला पात्र नाहींत हें उघड आहे. पण सुटीच्या दिवशींच्या कामावरून झालेल्या तंट्यांचा एक मोठा वर्ग त्यांत आहे, आणि येथें विचार करावयाचा तो त्याचाच.

हा वर्ग जन्मास आला तो एका चांगल्या कृत्यापासून. गाडी चालविणारे सोडून इतर रेल्वेनोकरांचा आठवडा १९४९ पर्यंत सर्वसाधारणपणें सहा दिवसांचा व ४८ तासांचा असे. १९ मार्च १९४९ रोजीं शिकागो येथें करार झाला आणि १ सप्टेंबरपासून तो ४० तासांवर आला. ४८ तासांचा पगार ४० तासांना मिळूं लागला, आणि आठवड्यास दोन दिवस विश्रांतीचे ठरले, शक्य तर लागोपाठचे. परंतु गाड्यांना शनिवार-रविवार नसतो. ज्या जागेवर सातहि दिवस माणूस लागतो तेथें या दोन दिवसांसाठीं बदली माणूस नेमावा लागला. हा बदली माणूस दोन दिवस एकाच्या टेबलावर, दोन दिवस दुसऱ्याच्या आणि एक दिवस तिसऱ्याच्या, असे आपले पांच दिवस भरतो. तिसऱ्याचा दुसरा दिवस तसाच लोंबकळत राहतो. शिंप्याच्या दुकानांतील कातरणाप्रमाणें उरलेल्या अशा दिवसांवर किती तरी निवाडे झाले आहेत. करारांतील नियमाचा मथितार्थ असा : कोणाच्याहि नेमणुकींत न बसणाऱ्या दिवशीं काम निघालें, तर ज्याचे त्या आठवड्यांत एरव्हीं ४० तास भरणार नाहींत असा जादा माणूस मिळत असल्यास त्याला तें देतां येईल, नाहीं तर तें त्या जागेच्या कायम नोकराचें. कायम नोकराला सुटीच्या दिवशीं बोलाविलें कीं दर दीडपट, आणि तसल्या जादा माणसाला साधा. एवढ्या फटींतून सगळें भांडण आंत शिरलें.

नेहमींचें प्रकरण पुढीलप्रमाणें असतें. मालकचेरींतील एका कारकुनाची सुटी शनिवार-रविवार. एका रविवारीं काम निघतें, आणि कंपनी त्याला न बोलावितां दुसऱ्या कोणाला बसविते. कधीं तो चाळीस तास आधींच भरलेला जादा माणूस असतो, कधीं कनिष्ठ कारकून, कधीं एखादा वरिष्ठ अंमलदार स्वतःच. सोमवारीं कारकून कामावर येतो, त्याला तें कळतें, आणि संघ त्याच्या वतीनें आठ तासांच्या दीडपट वेतनाचा दावा लावतो. कंपनी म्हणते, हा तर घरीं होता. संघ म्हणतो, काम त्याचें होतें.

पहिल्या वाचनांत मनुष्य येथें अडखळतो. ज्या विश्रांतीसाठीं इतका झगडा केला ती तर याला निर्वेध मिळाली. मग तक्रार कशाची? निवाड्यांचें गद्य या प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीं, पण वीसपंचवीस निवाडे ओळीनें वाचले म्हणजे तें आपोआप उलगडूं लागतें. कारकुनाला पैसे हवे होते हें खरें, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु संघाची भीति एका रविवारापुरती नव्हती. दीडपट दर हा कंपनीला घातलेला बांध होता. सुटीच्या दिवशींचें काम महाग पडलें तरच त्यासाठीं ती रीतसर माणूस नेमील. आज याच्याकडून, उद्यां त्याच्याकडून उरकून घेतां आलें तर चाळीस तासांचा आठवडा कागदावर राहील आणि काम चोरपावलांनीं पुन्हां सातहि दिवसांवर पसरेल. म्हणजे विश्रांतीचें रक्षण करावयाचें तर विश्रांतीच्या दिवशीं काम करण्याचा हक्क सांगावा लागे! हा विरोध कोणा पंचानें योजून आणलेला नाहीं; तो वस्तुस्थितींतच आहे, आणि या रुक्ष गद्याला जो ताण आहे तो त्यामुळेंच.

यांतील सर्वांत वाचनीय भाग कोणता म्हणाल तर टेलिफोनचा. कंपनी सांगते, आम्ही फोन केला, कोणी उचलला नाहीं. संघ विचारतो, किती वेळां केला? घंटा किती वेळ वाजूं दिली? माणूस परसांत असला तर त्याला आंत यावयास कितीसा वेळ लागतो? एकदां फोन करून स्वस्थ बसणें हा पुरेसा प्रयत्न नव्हे, असें म्हणणारे पंच आहेत. खरोखरच तातडीचा प्रसंग असल्यास कंपनीला अधिक मोकळीक दिली पाहिजे, हेंहि ते मानतात. रविवारीं हा मनुष्य होता कोठें, हा एरव्हीं कादंबरीकाराचा प्रश्न. येथें तो पंचाला पडलेला आहे. त्याचें उत्तर मात्र तो उपलब्ध होता कीं नव्हता, एवढ्यांतच आटोपतें. चर्चमध्यें गेला होता, मासे धरावयास गेला होता, कीं पडल्या पडल्या घंटा ऐकत राहिला होता, याच्या खोलांत निवाडा सहसा शिरत नाहीं, आणि शिरत नाहीं हेंच बरें. सुटीच्या दिवशीं कोठें होतों याचा हिशेब द्यावा लागला तर ती सुटी कसली?

पंचांमध्यें खरा मतभेद झाला तो भरपाईच्या दराविषयीं. करार मोडला हें ठरलें. आतां द्यावयाचें किती? एक पक्ष म्हणतो, दीडपट दर हा गमावलेल्या विश्रांतीचा मोबदला आहे. या मनुष्यानें काम केलें नाहीं, त्याची विश्रांति शाबूत आहे, तेव्हां साधा दर पुरे; काम करण्याचा हक्क निराळा आणि केलेलें काम निराळें. दुसरा पक्ष म्हणतो, कंपनीनें करार पाळला असता तर त्याच्या हातीं जें पडतें तेंच आज पडलें पाहिजे. नाहीं तर करार पाळण्यापेक्षां मोडणें स्वस्त होईल. दोन्ही मतांचे निवाडे आहेत. गद्य म्हणून पाहिलें तर पहिल्या पक्षाचें लेखन अधिक घाटदार. व्याख्या नेमकी, विचार पायरीपायरीनें जाणारा. तरी मला दुसरा पक्ष खरा वाटतो. पहिल्याची व्याख्या निर्दोष आहे, पण ती त्याच एका रविवाराकडे पाहते. दुसऱ्याला पुढचा रविवार दिसतो.

थकवा हा शब्द मात्र दोघांच्याहि लेखनांत क्वचितच भेटतो. मंडळाचें काम कराराचा अर्थ लावण्याचें, नवा करार घडविण्याचें नव्हे, असें याचें समर्थन करतां येईल, आणि तें बरोबरहि आहे. पण दडपलेला विषय दुसरीकडून वर येतोच. २०२२ सालीं अमेरिकेंत रेल्वेचा देशव्यापी संप होतां होतां राहिला, तेव्हां वाद मुख्यत्वें आजारपणाच्या रजेचा आणि हजेरीच्या जाचक नियमांचा होता. काँग्रेसनें डिसेंबरांत कायदा करून करार लागू केला. सात दिवसांच्या पगारी रजेचा वेगळा ठराव प्रतिनिधिगृहांत संमत झाला, सेनेटांत त्याला पुरेशीं मतें मिळालीं नाहींत.

आणखी एक माणूस या वाङ्मयांत बोलत नाहीं, तो म्हणजे बदली माणूस. ज्यानें त्या रविवारीं प्रत्यक्ष काम केलें तो बहुधा परक्या शेतांत शिरलेल्या गुरासारखा वर्णिला जातो. त्याला त्या आठवड्यांत दुसरें काम मिळालें होतें कीं नाहीं याची चौकशी होते, पण ती त्याच्या काळजीनें नव्हे. त्याचे चाळीस तास भरले होते कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं. दोन संघ एकाच कामावर हक्क सांगत असतील तर मंडळानें दोघांचेहि करार विचारांत घ्यावे, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं सांगितलें. पण तेंहि संघांपुरतें. एकट्या बदली माणसाला तकरीर नाहीं.

मुंबईच्या गिरणगांवांत 'बदलीवाला' हा शब्द ज्यांनीं ऐकला आहे त्यांस ही उणीव चटकन जाणवेल. आपल्याकडील रेल्वेचाच एक निवाडा या संदर्भांत शेजारीं ठेवून पाहण्याजोगा आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष, जे पुढें पहिल्या वृत्तपत्र-आयोगाचे अध्यक्ष झाले, त्यांच्याकडे १९४६ सालीं हिंदुस्थानांतील रेल्वेनोकरांचा तंटा सोंपविण्यांत आला. निवाडा १९४७ सालीं झाला. तेथें प्रश्न एका कारकुनाच्या एका रविवारचा नव्हता. कामाचे तास, ठराविक मुदतीनें मिळावयाची विश्रांति, रजा, आणि रजेवर जाणारांच्या जागीं ठेवावयाचीं राखीव माणसें, असा सगळा पसारा होता. विशेष ताणाच्या कामाला आठवड्यास ४५ तास, सतत चालणाऱ्या कामाला ५४, आणि ज्यांत मधूनमधून बराच वेळ रिकामें बसावें लागतें अशा कामाला ७५, ही वांटणी त्यांतून आली. पंचाहत्तर तास! आडबाजूच्या फाटकावर गेटमन गाडीची वाट पाहत बसतो, ती विश्रांति म्हणावी कीं काम, हा प्रश्न शिकागोच्या कारकुनाच्या प्रकरणांत उद्भवतच नाहीं. परंतु बदली माणूस येथें चोर नाहीं. राखीव माणसें पुरेशीं नसतील तर रजेचा नियम कितीहि उदार असला तरी रजा पदरांत पडत नाहीं. एके ठिकाणीं जो दुसऱ्याचें काम नेतो, तोच दुसरीकडे दुसऱ्याला घरीं जाऊं देतो. माणूस एकच, तंटा कोणत्या टोंकानें उचलला यावर त्याचें रूप ठरतें. शिकागोच्या पंचांनीं हें दुसरें टोंक थोडें उचलून पाहिलें असतें तर त्यांच्या कित्येक निवाड्यांना खोली आली असती.

भाषेविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. प्रत्येक निवाड्याच्या शेवटीं ठराविक वाक्यें येतात, आणि नोकर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें एक अक्षर गाळलेलें जुनें रूप त्यांत हटवादीपणानें वापरलेलें असतें; या गोष्टी देवपूजेंतील संकल्पासारख्या समजून पुढें जावें. खरी हळहळ वाटते ती निराळ्या कारणानें. जुन्या निवाड्यांत दोन्ही पक्षांचीं निवेदनें विस्तारानें छापीत. रविवारीं किती वाघिणी आल्या, कोणत्या पावत्या लिहावयाच्या होत्या, हें काम आजवर कोण करीत आला, असा तपशील संघाच्या निवेदनांत असतो, आणि कंपनीच्या उत्तरांतला खोंचकपणाहि वाचण्यासारखा असतो. पुढें ही चाल मोडली. अलीकडचे निवाडे बहुधा थोडक्या पानांचे. पंचाचें मत, आणि खालीं दावा मान्य किंवा अमान्य. ज्यांस मूळच्या तकरिरी वाचावयाच्या असतील त्यांनीं तिसऱ्या विभागाचे जुने खंड काढावे, आणि त्यांतहि १९४९ नंतरच्या दहा वर्षांचे आधीं.