‘दीनबंधू’कार लोखंडे : संपादकीय मवाळपणाचा प्रश्न

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत आठवड्याची सुटी आज गृहीत धरली जाते. ती मुंबईच्या गिरणी कामगारांस प्रथम मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) जवळच्याच ठाणे शहरी जन्मले. कामगारपुढारी म्हणून त्यांचा गौरव पुष्कळ झाला. त्यांच्या संपादकीय धोरणाची चिकित्साही तितकीच आवश्यक आहे.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे सत्यशोधक विचाराचे पत्र लोखंड्यांनी १८८० मध्ये मुंबईत चालविण्यास घेतले. गिरणीत स्टोअरकीपरचे काम केल्यामुळे तेथील दिनक्रम त्यांस जवळून ठाऊक होता. या पत्रावरील सर्वांत गंभीर आक्षेप मात्र स्वकीयांकडून आला. जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ची पहिली दोन प्रकरणे छापून ‘दीनबंधू’ने पुढील छपाई थांबविली आणि फुल्यांनी हा भेकडपणा म्हणून नोंदविला.

हा आक्षेप नाकारता येत नाही. तथापि तो पुरेसाही नाही. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ला नोंदलेले सभासद, निधी किंवा नियमावली नव्हती. अशा स्थितीत संघटनेचे पुष्कळसे कार्य पत्रालाच करावे लागले. त्यातच बहुसंख्य कामगार निरक्षर होते. म्हणजे ज्यांच्या वतीने लिहावयाचे ते वाचक नव्हेत, आणि ज्यांचे मन वळवावयाचे ते सरकार व गिरणीमालक. १८८४ च्या सप्टेंबरात परळला भरलेल्या सभांनंतर सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन सादर झाले. साप्ताहिक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर वेतन आणि अपघातात जखमी झालेल्यांस साहाय्य, अशा मोजक्या व तपासता येण्याजोग्या मागण्या त्यात होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. अर्जाची ही संयत भाषा येथे फलदायी ठरली, असे म्हणणे प्राप्त आहे.

परंतु याच भाषेची मर्यादाही स्पष्ट आहे. सुटी तारखेनिशी मागता येते. जातिव्यवस्थेच्या व नोकरशाहीच्या जाचाविरुद्धचा शेतकऱ्याचा संताप अर्जाच्या चौकटीत मावत नाही. तो छापण्याचे धैर्य हवे होते, तेथे संपादक लोखंडे उणे पडले. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना त्यांनी प्राण गमावले. यास्तव व्यक्ती म्हणून त्यांस भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. दोष मूलतः त्यांनी स्वीकारलेल्या लेखनपद्धतीचा होय, आणि त्यांचे यशही तिचेच.